सुटी खुर्ची

"जुन्या रिपॉझिटरीत कोणकोणते प्रोजेक्ट आहेत, तेवढं पटकन बघून सांगा," असा मॅनेजरांचा फोन आला. आमचे मॅनेजर वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. त्यांचं एकही वाक्य 'पटकन'शिवाय पुरं होत नाही, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात पटकनराव म्हणते. ते फोनवर बोलत होते, कारण समोर असायचा प्रश्नच नव्हता. सगळं ऑफिस नव्या इमारतीत गेलं होतं. जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी, एक म्हातारा सर्व्हर आणि कुणालाच नको असलेली लोखंडी कपाटं, एवढेच उरलो होतो.

"सोमवारी मशीन बंद करायचंय. जे चालू प्रोजेक्ट असतील ते नव्या मशीनवर नेऊ, बाकीचं पुसून टाकू. आणि हो, नोकरीत नसलेल्या कुणाची नोंद वगैरे सापडली तर मला लगेच कळवा. सिक्युरिटीवाले हात धुऊन मागे लागलेत."

"बरं," मी म्हटलं.

ज्यांचा आमच्या धंद्याशी संबंध नाही, त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं आपलं काम एका ठिकाणी ठेवतात, त्या जागेला रिपॉझिटरी म्हणतात. आम्ही जुनी मंडळी तिला कोठी म्हणायचो. कोठीत नुसतं काम राहत नाही, त्यातला प्रत्येक बदल राहतो. कोणी केला, कधी केला आणि का केला. 'का' हे बदल करणाऱ्याने स्वतः एका ओळीत लिहायचं असतं. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस येतो, कोठीला विचारतो, "नवीन काही?" आणि कोठी त्याला कालचे बदल देते. अशी माणसं एकमेकांचं तोंड न बघता वर्षानुवर्षं एकत्र काम करतात. काही लग्नंही अशीच चालतात म्हणा.

तेव्हा कोठीत काय काय आहे, हे कोठीलाच विचारलं की झालं. मी विचारलं. तिने यादी दिली. ती पुढे पाठवून मला दुपारी घरी जाता आलं असतं. पण मला आमच्या कोठीचे गुण ठाऊक होते. ती जुन्या पद्धतीची. प्रोजेक्ट म्हणजे काय हे तिला कळतच नाही, तिच्या लेखी सगळे नुसते फोल्डर. एका फाईलमध्ये ज्याने आपल्या कामाचं नाव घातलं, त्याचं काम म्हणजे प्रोजेक्ट. विचारलं की ती तेवढी फाईल वाचून दाखवते. ज्याने नाव घालायचा कंटाळा केला, तो तिच्या हिशेबी नाहीच. हजेरीपटावर नाव नसलेला मुलगा वर्गात बसलेला असला तरी गैरहजर, तशातला प्रकार.

आणि आमच्याकडे कंटाळा करणाऱ्यांची कधी वाण नव्हती. म्हणून मी यादी बाजूला ठेवली आणि एकेक फोल्डर उघडून बघायला बसले. खरं सांगायचं तर दुसरं काम नव्हतं. घरी लवकर जाऊन तरी काय करणार होते? घरीही माझ्याशिवाय कोणी नसतं. मी लग्न केलं नाही. ताई म्हणते, जमलं नाही. दोन्ही खरं आहे.

त्या मजल्यावर मला फार एकटं वाटायचं. टेबलं गेली होती, पण गालिच्यावर त्यांच्या पायांचे खड्डे तसेच होते. त्यावरून इथे कोण बसायचं ते मला सांगता यायचं. खिडकीपाशी हिशेबवाल्या बाई, त्यांच्यामागे सतत शिंकणारा तो उंच मुलगा. पाणी प्यायला गेले की माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू यायचा, आणि मग मी उगीचच खाकरायचे.

फोल्डर पुष्कळ होते. कोणता बघून झाला हे लक्षात राहावं म्हणून मी बघितलेल्या प्रत्येक फोल्डरात 'तपासलं' नावाची एक रिकामी फाईल टाकत गेले. आता यात गाढवपणा काय झाला तो लक्षात घ्या. मी ती खूण माझ्या मशीनवर नाही, कोठीतच केली. कोठीत काही टाकलं की ते त्या फोल्डरात काम करणाऱ्या सगळ्यांना जातं. आपल्याला लक्षात राहावं म्हणून लोकांच्या दारांवर खडूने फुल्या मारत सुटावं, तसं मी केलं. पण त्या फोल्डरांमागे माणसंच उरली नव्हती, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

'तात्पुरते' नावाच्या फोल्डरापाशी आले तेव्हा मी आधीच सावध झाले. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं जगात सगळ्यात जास्त टिकतं. आत एक काम होतं, नोंद न केलेलं. एका सिनेमा थिएटरचा तिकिटांचा प्रोग्रॅम. ते थिएटर मला माहीत होतं. ते पाडून बरीच वर्षं झाली, आता तिथे गाड्या लावतात. म्हटलं, चला, हे पुसायच्या खात्यात. सवयीने शेवटचा बदल कधीचा ते बघितलं.

त्याच दिवशी सकाळचा होता.

मी नोंदी मागे मागे वाचत गेले. रोजची एक. बदल करणाऱ्याचं नाव 'घड्याळ'. कारणं अशी: 'ओळ सरळ केली.' दुसऱ्या दिवशी: 'कालची ओळ पूर्वीचीच बरी होती.' मग 'नाव बदललं', आणि पुढच्या आठवड्यात 'नाव परत आणलं'. जे घालायचं ते काढायचं, जे काढायचं ते घालायचं. उतारवयात माणसं घरातलं सामान हलवत बसतात तसं वाटलं, आणि मला एकदम आठवलं, घड्याळ म्हणजे घड्याळकाका! वेळेवर येणारे आणि वेळेवर जाणारे एक गृहस्थ. केव्हाच रिटायर झाले होते. त्यांच्याशी मी आयुष्यात एकदाच बोलले असेन, तेही लिफ्ट बंद आहे एवढंच. आमच्याकडे माणूस रिटायर झाला की हार होतो, भाषण होतं, फोटो होतो. त्याचं खातं बंद करायचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

पटकनरावांना लगेच कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. आधी नीट बघू म्हटलं, आणि त्या फोल्डरातही 'तपासलं' टाकून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी फाईल गायब. खाली कारण: 'ही फाईल कुणाची? कामाच्या फोल्डरात पाय पुसून यावं.'

मी मोठ्याने हसले. त्या मजल्यावर मी हसल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मग उत्तर द्यावंसं वाटलं, पण कोठीत नुसतं बोलता येत नाही. काहीतरी बदललं तरच कारण लिहायला मिळतं. म्हणून मी त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक रिकामी ओळ घातली आणि कारण लिहिलं: 'माफ करा. मी तपासत होते. काका, तुम्ही अजून काम करता?'

सकाळी माझी ओळ काढलेली होती. 'करतो. तुम्ही कोण? रोज सकाळी मशीनला विचारतो, नवीन काही? ते म्हणतं, काही नाही. काल म्हणालं, आहे. चष्मा पुसून परत बघितलं.'

ते मी दोनदा वाचलं. रोज सकाळी विचारायचं, आणि रोज 'काही नाही' ऐकून कामाला लागायचं. माणूस चिडला असता, निदान कंटाळला असता. आणि मी काय करत होते? मी हा सगळा कारभार सोमवारी बंद करायला बसले होते.

तसंच त्यांना सांगायला हवं होतं. मी दिवसभर टाळाटाळ केली. संध्याकाळी जाता जाता रिकामी ओळ घातली आणि लिहिलं: 'मी या मशीनवरचे प्रोजेक्ट शोधते आहे. सोमवारी मशीन बंद होणार. चालू कामं नव्या जागी जातील, बाकीची पुसली जातील.'

त्यांचं उत्तर: 'माझं यादीत आहे का, तपासनीसबाई?'

इथे माझी पंचाईत झाली. त्यांचं काम यादीत घातलं, तर पहिली गोष्ट बघितली जाणार ती त्यांची रोजची नोंद. म्हणजे खातं त्याच दिवशी बंद, वर एका म्हाताऱ्या माणसाच्या मागे चौकशी. आणि नाही घातलं, तर सोमवारी सगळं पुसणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी लिहिलं, 'भेटून सांगते.' त्यांनी पत्ता दिला. पाडलेल्या थिएटरच्या मागची गल्ली, वरचा मजला.

शुक्रवारी पटकनरावांचा फोन आला.

"झाली का यादी?"

"सोमवारी सकाळी देते."

"पटकन व्हायला हवी होती हो."

"पटकनच चाललंय," मी म्हटलं. "सामान जुनं आहे."

रविवारी निघायच्या बेतात होते तेवढ्यात ताईचा फोन आला. तिचा दर रविवारी येतो, आणि ती दर रविवारी विचारते, जेवलीस का?

"जेवले. बाहेर निघालेय."

"कुणाकडे?" तिच्या आवाजात एकदम जान आली. मी कुणाकडे जाते, हीच तिला बातमी.

"ऑफिसचे एक काका आहेत."

"तुझ्या ऑफिसात आता काकाच उरले का?"

"उरले नाहीत, तोच तर घोळ आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

घड्याळकाकांनी दार उघडलं तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचे बूट दिसले. घरात, रविवारी, पॉलिश केलेले बूट. वर इस्त्रीचा शर्ट. मी बघतेय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"कामाच्या टेबलाशी बसताना घालतो," ते म्हणाले. "चपला घातल्या की कामाला बसलोय असं वाटत नाही. आज तुम्ही येणार म्हणून घातले. या, बसा. तुम्ही खुर्चीत बसा, मी स्टुलावर बसतो."

खोली एकच, पण नीट. भिंतीला लागून टेबल, त्यावर संगणक, संगणकावर हाताने शिवलेलं कापडी आच्छादन. ओट्यावर एक कप, एक ताटली, एक पातेलं. दुसरा कप त्यांनी कपाटातून, पार मागून काढला आणि दोनदा धुतला. खिडकीतून खाली गाड्या लावायची जागा दिसत होती. ते चहा करेपर्यंत मी तिथे उभी राहिले.

"पडदा तिकडे होता," ते चुलीजवळूनच म्हणाले. "ती पांढरी गाडी उभी आहे ना, तिथे. आणि तिकिटांची खिडकी कोपऱ्यावरच्या खांबाजवळ."

चहा घेताना मी त्यांना सगळं सरळ सांगितलं. यादीत घातलं तर काय होईल, नाही घातलं तर काय होईल. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमच्या नावावर घातलंत तर?"

"नाव माझं घालता येईल. पण मागच्या सगळ्या नोंदी तुमच्याच आहेत. त्या उघडून बघतीलच."

"त्या पुसता येत नाहीत?"

"काका, पुसता येऊ नयेत म्हणूनच तर कोठी असते. तुम्हीच नव्या मुलांना शिकवायचात म्हणे."

"शिकवायचो खरा," ते म्हणाले. "तेव्हा कुठे माहीत होतं, स्वतःच्याच अंगाशी येईल म्हणून."

मला राग यायला लागला होता. कशाचा ते नीट सांगता येत नाही. त्यांचा, पटकनरावांचा, की त्या दोनदा धुतलेल्या कपाचा. मी जरा तडकूनच विचारलं, "पण काका, थिएटरच राहिलं नाही. तुम्ही त्या प्रोग्रॅममध्ये रोज करता तरी काय? मी वाचलंय सगळं. घालता आणि काढता."

त्यांनी कप बाजूला ठेवला. मग त्यांनी टेबलावरची आगपेटी घेतली आणि काड्या एका रांगेत मांडल्या.

"ह्या खुर्च्या. आता लोक तिकिटं घेतात तेव्हा कशी घेतात? दोघं, चौघं. मध्येच एखादी खुर्ची सुटी राहिली, की ती कोणी घेत नाही. थिएटरचं नुकसान. म्हणून त्यांनी सांगितलं, असा नियम घाला, की दोन भरलेल्यांच्या मध्ये एक सुटी खुर्ची राहताच कामा नये. मी घातला. माझ्यावर फार खूश होते. रांगा कशा गच्च भरायच्या." त्यांनी दोन्हीकडच्या काड्या मोडून जागच्या जागी ठेवल्या, मध्ये दोन शाबूत राहू दिल्या. "आता सगळं भरलंय, इथे दोनच उरल्यात. आणि एकटा माणूस आला. त्याला एक दिली, तर?"

"शेजारची सुटी राहील."

"म्हणजे नियम मोडला. म्हणून मशीन त्याला सांगणार, जागा नाही. खुर्च्या समोर दिसतायत, आणि जागा नाही."

मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

"एक गृहस्थ यायचे," काका म्हणाले. "दर आठवड्याला, एकटेच. त्यांना बऱ्याचदा परत जावं लागायचं. एकदा शोधत शोधत आपल्या ऑफिसात आले तक्रार घेऊन. आम्ही सगळे हसलो. कोणीतरी म्हणालं, दोन तिकिटं घ्या साहेब, एका खुर्चीवर पिशवी ठेवा. मीही हसलो. ते तसेच निघून गेले. पुढे मी रिटायर झालो. मग ही गेली. घरात बसवेना, म्हणून एका संध्याकाळी खाली उतरलो, खिडकीशी गेलो, म्हटलं एक द्या. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, आजोबा, मशीन देत नाहीये." ते हसले. "माझ्याच प्रोग्रॅमने मला हाकललं बघा."

मीही एकटीच सिनेमाला जाते. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. परक्या घरात रडायचा माझा बेत नव्हता.

"मग घरी आलो, सहज कोठी उघडून बघितली. खातं चालू होतं. म्हटलं, हे दुरुस्त करू. तोवर थिएटर पाडायला घेतलं. पण तरी म्हटलं, चूक ती चूक. थिएटर असो नसो."

"मग इतक्या वर्षांत दुरुस्त झाली नाही?"

ते उठले. कप उचलून ओट्यावर नेऊन ठेवले. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "एका ओळीचं काम आहे. मागणारा एकटा असेल तर हा नियम लावू नये. बस. मला पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं."

"मग टाकली का नाहीत ती ओळ?"

"टाकली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं असतं?"

मला त्या नोंदी आठवल्या. ओळ सरळ केली, ओळ वाकडी केली, नाव बदललं, नाव परत आणलं. मी त्याला म्हातारचळ समजले होते. हा माणूस रोज सकाळी बूट घालून बसत होता, आणि काम संपू नये याची काळजी घेत होता.

काकांनी कप धुतले. हात पुसत ते परत येऊन स्टुलावर बसले, आणि अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "तुमच्या यादीत चालू कामंच घालायची आहेत ना?"

"हो."

"मग सोमवारी सकाळी ती ओळ टाकतो. संपलेलं काम यादीत घालायला नको. तुम्हाला खोटं लिहायला नको, मला कोणी विचारायला नको."

"काका, पण मग सगळंच पुसलं जाईल. तुमची ती ओळसुद्धा."

"जाऊ दे. थिएटर गेलं, तर ओळ राहून काय करायचीय?"

"मी एक करू का? तुमच्या नोंदी उतरवून घेते, घरी तुमच्या मशीनवर ठेवू. तुम्ही तिथे रोज—"

"नको," ते म्हणाले. "तिथे काय, मीच घालणार आणि मीच बघणार." मग म्हणाले, "मधले चार दिवस बरे गेले बघा. तुम्ही रिकामी ओळ घालायचात, मी काढायचो. बायको होती तेव्हा असंच चालायचं. ती खिडकी उघडायची, मी लावायचो."

निघताना त्यांनी मला एका कागदावर आपला फोन नंबर लिहून दिला. जिन्यात अंधार होता, म्हणून मी खालच्या दारापर्यंत पोचेस्तोवर ते वरून दिवा धरून उभे राहिले. रस्त्यावर आल्यावर मी त्या गाड्यांच्या मधून कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत चालत गेले आणि तिथे उगाच उभी राहिले. रखवालदाराने विचारलं, कोणती गाडी तुमची? मी म्हटलं, नाही, माझी गाडी नाही. मग त्याने मला जायला सांगितलं.

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. यादी तयार होती. हजेरीपटावरची नावं, आणि मला कोठीच्या सांदीकोपऱ्यात सापडलेली आणखी काही. 'तात्पुरते'मधलं काम त्यात नव्हतं. पण मी ती पाठवली नाही. खुर्ची ओढून कोठीसमोर बसले आणि विचारलं, नवीन काही? काही नाही. थोड्या वेळाने परत विचारलं. काही नाही. आता मला कळलं हे दोन शब्द रोज ऐकायला कसे लागत असतील. मधेच वाटलं, काकांनी बेत बदलला. मधेच वाटलं, बदलला तर फार बरं होईल. ते 'यादीत घालाच' म्हणाले असते, तर मी घालणार होते. पटकनरावांनी काय करायचं ते करावं.

मग नोंद आली. घड्याळ. एक ओळ वाढवली. कारणाच्या जागी लिहिलं होतं: 'आता एकट्या माणसाला तिकीट मिळेल. काम पूर्ण.'

मी तो प्रोग्रॅम माझ्या मशीनवर उतरवून घेतला आणि चालवला. पडद्यावर थिएटर उमटलं, चौकोनी चौकोनी खुर्च्या, खाली रेषेने दाखवलेला पडदा. मी सगळ्या रांगा भरून टाकल्या. मध्ये कुठेतरी दोन ठेवल्या. मग तिकिटं किती, या चौकोनात एक घातला. मशीनने जरासा विचार केला आणि खुर्ची दिली. शेजारची सुटी राहिली, राहू दे. मी पुन्हा सगळं रिकामं करून पुन्हा भरलं, पुन्हा एकच मागितलं. पुन्हा मिळालं. असं मी किती वेळ करत बसले होते कोण जाणे. मला रडू येत होतं, आणि मजल्यावर कोणी नव्हतं, म्हणून मी खुशाल रडून घेतलं.

पटकनरावांना यादी पाठवली. त्यांचं उत्तर आलं, 'छान. बंद करा पटकन.' मी सर्व्हर बंद केला. त्याचा पंखा थांबला तेव्हा कळलं की इतके दिवस मजल्यावर तेवढा तरी आवाज होता.

कागद काढून काकांना फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला.

"मिळालं," मी म्हटलं. "एकच मागितलं, मिळालं. दोनतीनदा बघितलं."

"कोपऱ्यातल्या खुर्चीचं बघितलंत?"

"बघितलं. मिळतंय."

"आणि सगळ्यात मागच्या रांगेत?"

"तिथेही."

"मग झालं," ते म्हणाले.

"झालं."

आमची ओळखच मुळी त्या ओळींमुळे झालेली, आणि आता घालायला ओळ नव्हती, काढायला ओळ नव्हती. त्यांच्या बाजूला खालून एखादी गाडी निघाल्याचा आवाज आला. माझ्या बाजूला काहीच नव्हतं.

"तुम्हाला कामं असतील," ते म्हणाले.

"नाही हो. यादी दिली. आज दुसरं काही नाही."

"माझंही तसंच." मग ते अवघडून म्हणाले, "तर मग... ठेवू का फोन?"

"नको," मी म्हटलं.